बैलाच्या पोटातला आवाज

दिवाळीच्या अंकात छळाच्या यंत्रांवरच्या गाण्यांची चर्चा कशाला, म्हणून काही वाचक कपाळाला आठी घालतील. त्यांना एवढेच आठवून देतो, की नरकचतुर्दशीच्या पहाटे आपण जे कारीट पायाखाली चिरडतो तो नरकासुर असतो. आणि अंगणातल्या मातीच्या किल्ल्याशी बसून पोरे अफझलखानाच्या कोथळ्याची गोष्ट हातवारे करकरून सांगतात. रक्ताचे आपल्याला वावडे नाही. ते कोणाचे आणि कशासाठी, एवढेच आपण विचारतो.

‘गटस्लिट’ हा मुंबईचा वाद्यमेळ २००७ साली निघाला. नावाचे मराठी करायचे, तर तो कोथळाच समोर येतो. ‘ब्रूटल डेथ मेटल’ नावाच्या, मोजक्याच श्रोत्यांच्या संगीतप्रकारात या मंडळींनी युरोपापर्यंत दौरे केले आहेत. २०१७ साली त्यांचा ‘ॲम्प्युथिएटर’ हा संग्रह निघाला. अवयव तोडणे आणि प्रेक्षागृह या दोन इंग्रजी शब्दांची ही मोडतोड आहे, आणि नावात प्रेक्षक आले आहेत हे मला महत्त्वाचे वाटते. गायक आदित्य बर्वे, गिटारवर प्रतीक राजगोपाल, बासवर गुरदीपसिंग नारंग, ड्रमवर ॲरन पिंटो. बर्वे आडनाव वाचून मी थोडा सावरून बसलो, हे कबूल करतो.

आमचे चौसाळे बीडहून सोलापूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावरचे बाजाराचे गाव. इथे हलगी ऐकू येते, भजन ऐकू येते, लग्नसराईत डीजे तर ऐकावाच लागतो. हा संग्रह मी पुण्यात नोकरी करणाऱ्या पुतण्याच्या मोबाइलवर तीनचार वेळा ऐकला. पहिल्या वेळी नुसता गोंगाट. दुसऱ्या वेळी लय सापडू लागली. पखवाज चौपटीत गेल्यावर जसा श्वास अडकतो तसा ड्रमखाली अडकू लागला. खाली उतरवून लावलेल्या गिटारी, अचानक थांबणे, पुन्हा एकदम तुटून पडणे, यांत पराकाष्ठेची शिस्त आहे. वादनाबद्दल मला तक्रार नाही. शब्द मात्र एकही कळेना. “काका, शब्द कानाने शोधायचे नसतात,” पुतण्या म्हणाला. “मग लिहिले कशाला?” या माझ्या प्रश्नावर तो हसला.

तेव्हा शीर्षकांकडे वळलो. ‘स्कॅफिझम’, ‘ब्रेझन बुल’, ‘ब्रोडकिन’. तिन्ही देहदंडाच्या किंवा छळाच्या साधनांची नावे. पहिले इराणचे. क्युनाक्साच्या लढाईत (इ.स.पू. ४०१) धाकट्या सायरसला आपण मारले, अशी बढाई मारणाऱ्या मिथ्रिडाटीझला राजाने दोन होड्यांच्या मध्ये कोंडले, दूधमध पाजले, तेच तोंडाला फासले, माश्याकिड्यांनी त्याला संपवायला सतरा दिवस घेतले, असे प्लूटार्क सांगतो. पण त्याचा आधार क्टीसियस नावाचा वैद्य, आणि या वैद्याच्या भाकडकथांवर खुद्द प्लूटार्कचाच विश्वास नव्हता. म्हणजे हा ‘काळा इतिहास’ बराचसा ऐकीव आहे. त्याने काही बिघडत नाही. गरुडपुराणातला कुंभीपाक तरी कोणी पाहिला आहे?

‘ब्रोडकिन’ मात्र खरे. फ्रान्सच्या न्यायालयांत आरोपीचे पाय फळ्यांत आवळून मध्ये पाचरी ठोकीत. साध्या चौकशीला चार, विशेष चौकशीला आठ. सोळाव्या लुईने १७८० आणि १७८८ साली दोन टप्प्यांत कायदेशीर छळ बंद करायचे हुकूम काढले. हातोडा चालू असताना शेजारी कारकून कबुलीजबाब टिपून घेई. मला विचाराल तर पाचरीपेक्षा त्या कारकुनाची लेखणी भयंकर आहे. छळ संथ असतो, कचेरीच्या वेळापत्रकाने चालतो. इथे सगळे सुसाट. सतरा दिवसांचे मरण काही मिनिटांत उरकते. ठोके हातोड्याचे वाटतात, पण दोन ठोक्यांमधली वाट पाहणे कुठेच नाही. जुगुप्सा आणि भय हे दोन्ही स्थायीभाव इथे भरपूर आहेत, पण शोकाला शिरायला फट ठेवलेली नाही.

राहिला पितळी बैल. सिसिलीतल्या अक्रागासचा जुलमी राजा फॅलरिस याच्यासाठी पेरिलाऑस नावाच्या कारागिराने तो केला, अशी कथा आहे. आत माणूस, खाली जाळ. आणि नळ्या अशा बसवलेल्या, की आतला आक्रोश बाहेर बैलाच्या हंबरण्यासारखा यावा. राजाने पहिल्यांदा कारागिरालाच आत घातले, असेही सांगतात. ही कथा वाचल्यावर बर्व्यांची घोगरी, घशाच्या तळातून येणारी डरकाळी मला निराळी ऐकू आली. आत माणूस आहे, तो काही बोलतो आहे, आणि बाहेर येते ते हंबरणे. या गायकीची अशी ताकद मी दुसऱ्या कोणत्या गाण्यात ऐकलेली नाही. पण श्रोता कोठे बसला आहे? बाहेर, फॅलरिसच्या शेजारी. प्रेक्षागृह ते हेच. या संग्रहाने मला तिथून उठवून बैलाजवळ नेले नाही, ही माझी तक्रार.

१९४८ च्या सप्टेंबरात हैदराबाद संस्थान भारतात आले. त्याआधीचे रझाकारांचे दिवस पाहिलेली माणसे आमच्या लहानपणी ओसरीवर असत. ती हत्याराचे वर्णन करीत नसत. एखाद्याचे नाव घेत, त्याचा मळा कोठे होता ते सांगत, आणि गप्प होत. मुंबईच्या तरुणांनी इराणसिसिलीला का जावे, असे मी म्हणणार नाही. दूरचे मरण खेळायला सोपे असते, आणि कलेला खेळण्याचा हक्क आहे. पण त्या ओसरीवरच्या माणसांच्या गोष्टीत नाव होते, या संग्रहाच्या शीर्षकांत यंत्र आहे. बर्व्यांच्या गळ्यात बैल उत्तम बसला आहे. एखाद्या गाण्यात, आठ मात्रांपुरती का होईना, नळी मोकळी करून त्यांनी आतल्या माणसाचे नाव मराठीत उच्चारले, तर ते ऐकायला मी पुतण्याचा मोबाइल पुन्हा मागून घेईन.