शेवटच्या बिटाचं भांडण

आता जीलिबसीचं उदाहरण घेऊ. लिनक्सवरच्या बहुतेक प्रोग्रॅमना साइन, लॉग, घात काढून देणारी ही मुक्तस्रोत लायब्ररी. तिच्यातली काही फंक्शनं अचूक राउंडिंगच्या हेतूने लिहिलेली होती. म्हणजे काय, तर खऱ्या उत्तराच्या सर्वांत जवळची संख्याच द्यायची. खरं उत्तर दोन संख्यांच्या अगदी मध्याजवळ पडलं, की जास्त अंक घेऊन पुन्हा गणित. असा एखादा कॉल फारच मंद होई. 2018 च्या 2.28 आवृत्तीत असे मंद रस्ते काढले गेले.

त्यामागचा युक्तिवाद असा : शेवटचा बिट हवाय कुणाला? मोजमापातली चूक त्याहून मोठी असते. खरंच असते. पण बघा, इथे दोन प्रश्न एक केले जातात. अचूकता वेगळी, पुनरावृत्ती वेगळी. सर्वांत जवळची संख्या एकच असते, म्हणून ती देणाऱ्या दोन लायब्रऱ्यांचं एकमत होणारच. 'जवळपास' चालेल म्हटलं, की उत्तरं दोन, आणि दोन्ही नियमात! मग एखाद्या 'मोठा की लहान' तपासणीवर तोच प्रोग्रॅम दोन यंत्रांवर दोन वाटांनी जाऊ शकतो.

आयईईई 754 ने 1985 पासून बेरीज, गुणाकार, वर्गमुळासाठी अचूक राउंडिंग सक्तीचं केलं. साइन-लॉगसाठी 2008 मध्ये फक्त शिफारस केली. भांडण या फटीत राहतं.

वेगाचं महत्त्व मला मान्य आहे. पण 32 बिटांसाठी कोअर-मॅथ प्रकल्पाने दोन्ही साधून दाखवलंय. तेव्हा 'हवाय कुणाला?' विचारताना दोन्हीकडे तेच उत्तर मागणारा माणूसही मोजायला हवा.