ब्रूलचीं हंसपात्रें

माइसेन येथें केंडलर व एबरलाइन यांनीं काउंट ब्रूलसाठीं १७३७ ते १७४२ या काळांत घडविलेल्या हंससंचांत दोन हजारांहून अधिक चिनी मातीचीं पात्रें होतीं. आज तीं विखुरलीं आहेत. रोकोको म्हणजे अलंकारांची नुसती गर्दी, असें म्हणणारांनीं त्यांतील साधी थाळी पाहावी. शिंपल्यावरील शिरांसारख्या रेषांवर हंस अगदीं उथळ उठावांत तरंगतात. रंग बेताचाच, खरें काम पांढऱ्या मातीवर खेळणाऱ्या उजेडाचें. अन्न वाढलें कीं हें सारें झांकतें खरें, पण जेवण सरतां सरतां हंस पुन्हा वर येतो! मोठ्या रसपात्रांवर मात्र जलकन्या व डॉल्फिन यांची दाटी आहे. तेथें केंडलरमधील मूर्तिकार कुंभारावर कुरघोडी करतो, आणि पात्र हें केवळ पुतळ्यांचा चौथरा ठरतें. आम्हांस थाळीच अधिक मानवते.