सरासरीचे राष्ट्र आणि मागखात्यातील माणूस

संघटनेतील मनुष्याचे वर्तन त्याच्या स्वभावाने घडते की संस्कृतीने, हा प्रश्न समाजशास्त्र व मानसशास्त्र या दोन्ही शाखांच्या अभ्यासकांपुढे वारंवार येतो. प्रश्न रास्त आहे. परंतु त्याचे उत्तर देण्याची जी एक सुलभ रीत प्रबंधलेखनात रूढ झाली आहे, ती तपासून घेणे अगत्याचे आहे. कचेरीतील एखादा कारकून वरिष्ठाचा निर्णय चुकीचा आहे हे जाणूनही गप्प राहतो. असे का? तर भारताचा ‘सत्ता-अंतरा’चा निर्देशांक ७७ आहे म्हणून! जेथे संशोधनास आरंभ व्हावयाचा, तेथेच ते समाप्त होते. या रीतीचे परीक्षण करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

हा आकडा गेर्ट हॉफस्टेड या डच संशोधकाच्या १९८० साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथातून आला. आयबीएम या बहुराष्ट्रीय कंपनीच्या निरनिराळ्या देशांतील नोकरवर्गाकडून १९६७ ते १९७३ या काळात सुमारे १,१६,००० प्रश्नावल्या भरून घेण्यात आल्या होत्या. त्यांच्या आधारे हॉफस्टेड यांनी चाळीस देशांची चार परिमाणांवर तुलना केली. या कार्याचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. ‘राष्ट्रीय स्वभावा’विषयीच्या ऐसपैस गप्पांना त्यांनी पडताळून पाहता येईल असे रूप दिले. सर्व उत्तरदाते एकाच कंपनीतील असल्यामुळे व्यवसायभेदाचा परिणाम बराचसा वगळता येतो, हा त्यांचा युक्तिवादही विचारार्ह आहे.

तथापि या इमारतीचा पाया कोठे अरुंद आहे, हे पाहिले पाहिजे. ब्रेंडन मॅकस्वीनी यांनी २००२ साली दाखवून दिले की, दोन्ही फेऱ्यांत प्रत्येकी हजारांहून अधिक उत्तरदाते असलेले देश अवघे सहा होते. पाकिस्तानातून तर पहिल्या फेरीत ३७ व दुसऱ्या फेरीत ७० प्रश्नावल्या आल्या. एका परदेशी संगणक-कंपनीतील मूठभर सुशिक्षित नोकरांवरून शेतकरी, विणकर, शिक्षक आणि शिपाई या सर्वांच्या मनोरचनेविषयी बोलणे धाडसाचेच म्हटले पाहिजे.

याहून गंभीर दोष तर्काचा आहे. सत्ता-अंतराचा निर्देशांक तीन प्रश्नांच्या उत्तरांवरून काढलेला आहे: हाताखालच्या लोकांना वरिष्ठाशी मतभेद व्यक्त करण्याची भीती कितपत वाटते, आपला वरिष्ठ निर्णय कोणत्या पद्धतीने घेतो असे त्यांना वाटते, आणि कोणत्या पद्धतीचा वरिष्ठ त्यांना पसंत आहे. म्हणजे मतभेदाची भीती हा ज्या आकड्याचा घटक आहे, तोच आकडा त्या भीतीचे कारण म्हणून पुढे केला जातो. आपल्या नैयायिकांनी याला आत्माश्रय म्हटले असते. वर्णन हे स्पष्टीकरण नव्हे. शिवाय देशाच्या सरासरीवरून व्यक्तीविषयी अनुमान काढू नये, असा इशारा खुद्द हॉफस्टेड यांनीच दिला होता. अनुयायांनी ग्रंथातील आकडे उचलले आणि इशारा तेथेच ठेवला.

स्वभावाच्या बाबतीतही असाच प्रकार घडला आहे. कसोटीने मोजलेला स्वभावगुण आणि विशिष्ट प्रसंगातील वर्तन यांतील सहसंबंध ०.३० च्या पलीकडे क्वचितच जातो, असे वॉल्टर मिशेल यांनी १९६८ साली प्रतिपादिले. म्हणजे वर्तनातील भेदांपैकी नऊ टक्क्यांच्या आसपासच उलगडा होतो. पुढे हेही दिसून आले की, अनेक प्रसंगांची सरासरी घेतल्यास स्वभावाचे सातत्य प्रत्ययास येते. बॅरिक व माउंट यांच्या १९९१ च्या संकलित अभ्यासात कर्तव्यदक्षता हा गुण नाना व्यवसायांतील कार्यक्षमतेशी निगडित आढळला. तात्पर्य, स्वभाव व संस्कृती या दोहोंवरून कल समजतो. एखाद्या सोमवारी एखाद्या खात्यात काय घडले, हे केवळ त्यांवरून समजत नाही.

मग त्या कलाचे कृतीत रूपांतर कशाने होते? याचे उत्तर शोधण्यास आपल्याला फार दूर जावयास नको. मुंबईच्या कापडगिरण्यांतील कामगार वारंवार गैरहजर राहतो, शिस्त पाळत नाही, कारण तो मनाने खेडूत आहे, गाव आणि जात यांत अडकलेला आहे, ही मीमांसा वसाहतकाळात सर्वमान्य होती. १८५४ ते १९४७ या काळातील गिरणी-कामगारवर्गाच्या घडणीवर मॉरिस डेव्हिड मॉरिस यांनी १९६५ साली जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात त्यांनी ही मीमांसा उलटवली. कामगारांची भरती व त्यांच्यावरील नियंत्रण जॉबरच्या हाती सोपविणे मालकांना स्वस्त व सोयीचे होते. बदली कामगारांचा राखीव जथा दाराशी असल्यामुळे कायमच्या माणसाची किंमत वाटत नव्हती. ज्या बेशिस्तीचे खापर गावावर फोडले गेले, तिचे मूळ पुष्कळसे या व्यवस्थेत होते. राजनारायण चंदावरकर यांनी १९९४ च्या आपल्या ग्रंथात याहून पुढचे पाऊल टाकले. गावाशी असलेले नाते हा कामगाराच्या औद्योगिक जीवनातील अडथळा नसून आधार होता. संपाच्या दिवसांत तग धरण्याचे बळ त्याला त्यातूनही मिळे. १९२८ चा सार्वत्रिक संप सुमारे सहा महिने चालला, हे ध्यानात घेतले म्हणजे ‘आज्ञाधारक’ संस्कृतीचे चित्र किती अपुरे आहे हे कळून येईल.

दुसरे उदाहरण अहमदाबादच्या कॅलिको मिलचे. १९५३ साली लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राइस तेथे आले, तेव्हा नव्या स्वयंचलित मागांवर अपेक्षेप्रमाणे उत्पादन होत नव्हते. एकाच मागसमूहावर बारा प्रकारची कामे निरनिराळ्या माणसांत वाटलेली होती. कोण कोणाबरोबर काम करतो, याला काही आकार नव्हता. ठरावीक मागांची संपूर्ण जबाबदारी एका लहान गटाकडे द्यावी, ही कल्पना पुढे येताच कामगारांनी ती उचलून धरली आणि गटांची जुळणी स्वतःच केली. उत्पादन वाढले, खराब कापडाचे प्रमाण घटले. हे कामगार त्याच समाजातले होते, ज्याला पुढे ७७ हा आकडा चिकटविण्यात आला.

येथे थांबलो तर तेही एकांगी ठरेल. एरिक मिलर यांनी १९७० साली या मागखात्यांची पुन्हा पाहणी केली व तिचे निष्कर्ष १९७५ साली प्रसिद्ध केले. एका खात्यात गटपद्धती जवळजवळ जशीच्या तशी टिकून होती. इतरत्र ती कमीअधिक प्रमाणात ढासळली होती. गिरणी तीच, संस्कृतीही तीच. परिणाम मात्र भिन्न. जो घटक दोन्हीकडे समान आहे, त्याने भेदाचा उलगडा होत नाही, हा तर्कशास्त्राचा प्राथमिक नियम आहे. भेद शोधावयाचा तो गटाभोवतीच्या परिस्थितीत: बाहेरून येणारा ताण, देखरेखीची रीत आणि गटाला मिळणारे संरक्षण यांत.

यावर कोणी विचारील की, संस्कृतीला मग काहीच स्थान नाही काय? आहे, आणि ते महत्त्वाचे आहे. हॉफस्टेड यांचा ग्रंथ निघाला त्याच वर्षी जय बी. पी. सिन्हा यांनी पालकभावाने वागणाऱ्या, परंतु कामाविषयी आग्रही असलेल्या नेत्याची संकल्पना मांडली. आपल्याकडील कर्मचारी वरिष्ठाकडून आस्थेची अपेक्षा करतो, हे त्यांनी मान्य केले. पण ती आस्था कामाच्या अटीवर मिळावी, आणि हाताखालचा माणूस तयार होत जाईल तसतसा नेत्याने त्याला निर्णयात अधिकाधिक सहभागी करून घ्यावे, असे त्यांचे म्हणणे होते. येथे संस्कृती हा शेवट नसून प्रारंभबिंदू आहे. माणूस कोणती भाषा समजेल हे संस्कृती सांगते. त्या भाषेत त्याच्याशी काय बोलले जाते, हे संघटना ठरविते.

हा वाद केवळ पांडित्याचा नाही. कारकुनाच्या मौनाचे कारण ‘भारतीय संस्कृती’ असे एकदा लिहिले की, त्याच्या गोपनीय अहवालावर कोणाची सही होते, पूर्वी बोललेल्या माणसाची बदली कोठे झाली, सभेच्या इतिवृत्तात विरोधी मताची नोंद होते की नाही, हे विचारण्याची गरजच उरत नाही. व्यवस्थापक दोषमुक्त होतो आणि दोष जातो त्या माणसाच्या पूर्वजांकडे. म्हणून आपल्या विद्यार्थ्यांनी एक पथ्य पाळावे: संस्कृतीचे नाव घेण्यापूर्वी त्याच संस्कृतीतील, पण निराळे वागणारे दुसरे खाते शोधावे. ते सापडले, तर अभ्यासाचा खरा विषय हाती आला असे समजावे. प्रामाणिक शोधानंतरही न सापडले, तरच संस्कृतीविषयी बोलण्याचा अधिकार आपल्याला प्राप्त होतो.