'अच्छेव' आणि एक निकालपत्र

कादंबरी आणि न्यायालयाचे निकालपत्र यांची तुलना साहित्याच्या जाणकारांस कदाचित रुचणार नाही. परंतु दोहोंचा विषय एकच असेल आणि एकाने जे सांगितले नाही ते दुसऱ्याने सांगितले असेल, तर दोन्ही शेजारी ठेवून वाचणे आम्हांस उचित वाटते. पुंडलीक नायक यांची 'अच्छेव' ही कोंकणी कादंबरी १९७७ सालची. गोव्याच्या लोहखनिजासंबंधी सर्वोच्च न्यायालयाचा निकाल २१ एप्रिल २०१४ चा. या सदतीस वर्षांत गोव्याने डिचोली, सत्तरी, सांगे येथील डोंगर फोडले, मांडवी-जुवारीतून बार्जी भरभरून माल मुरगावला नेला आणि आधी जपानला, पुढे चीनला विकला.

'अच्छेव'मधला पंढरी शेतकरी आहे. रुक्मिणी त्याची बायको. केसर आणि नानू ही मुले. गावात खाण येते, रोख पैसा येतो, शेतावरचे लक्ष उडते आणि पाहता पाहता घर मोडते. या कादंबरीचे थोरपण असे की ती अर्थशास्त्राचा एकही शब्द न उच्चारता अर्थव्यवस्थेचे चित्र काढते. खाणीचा परिणाम ती टनांत मोजत नाही. चुलीपाशी आणि उंबऱ्यापाशी मोजते. विद्या पै यांच्या इंग्रजी भाषांतरामुळे २००२ पासून ती गोव्याबाहेरही वाचली गेली.

तथापि तिचे जे वाचन आपल्याकडे रूढ झाले आहे, त्याविषयी आमची तक्रार आहे. 'पैसा आला आणि नीती गेली' एवढ्यावर पुष्कळ वाचक थांबतात. जणू खाणीपूर्वीचे गाव म्हणजे रामराज्यच होते! वस्तुस्थिती अशी की त्या गावातील कित्येकांची जमीन त्यांची नव्हती. कूळ म्हणून कसायची, मुंडकार म्हणून राहायचे. कुळांना संरक्षण देणारा कायदा १९६४ चा, मुंडकारांचा १९७५ चा. ज्याच्या नावावर वीतभर शेत नाही, तो आठवड्याच्या मजुरीकडे धावला तर त्यास लोभी म्हणणे सोपे आहे, न्याय्य नव्हे. प्रश्न मजुराच्या नीतीचा नसून हिशेबाचा आहे. भाताचे पीक पुढच्या वर्षी पुन्हा येते; खणून नेलेला डोंगर पुन्हा येत नाही. पहिले उत्पन्न होय, दुसरे मूळ धन. गावाने मूळ धन विकले आणि त्यास मिळकत समजले. 'अच्छेव'मधील खरी उलथापालथ ही आहे.

आता निकालपत्राकडे वळू. पोर्तुगीज राजवटीने खाणींच्या कायमच्या सवलती बहाल केल्या होत्या. १९८७ च्या कायद्याने त्या रद्द होऊन त्यांचे मुदतीचे भाडेपट्टे झाले, तेही २० डिसेंबर १९६१ पासून अंमल धरून. त्या पट्ट्यांची वाढीव मुदतसुद्धा २२ नोव्हेंबर २००७ रोजी संपली, असे न्यायालयाने २०१४ साली ठरविले. वार्षिक उत्खननास दोन कोटी टनांची तात्पुरती मर्यादा घातली आणि विक्रीमूल्याचा दशांश भावी पिढ्यांसाठी कायमस्वरूपी निधीत ठेवण्यास सांगितले. २०१० - ११ या वर्षी गोव्यातून पाच कोटी टनांहून अधिक खनिज बाहेर गेले होते, हे लक्षात घेतले म्हणजे त्या मर्यादेचा अर्थ कळतो.

या निधीमागचे तत्त्व आमच्या वाचकांस नवे नाही. देवस्थानचे महाजन हे देवाच्या मिळकतीचे मालक नव्हेत, व्यवस्थापक होत. त्यांनी देवाचा मुकुट विकून पालखीचा खर्च भागविला आणि वर्षअखेरीस 'जमा वाढली' असे लिहिले, तर आपण त्यांस काय म्हणू? २०१९ च्या राष्ट्रीय खनिज धोरणाने हेच मान्य केले आहे: खनिज हा सामायिक वारसा, आणि शासन त्याचे विश्वस्त.

परंतु मग दशांशच का? खणण्याचा खर्च आणि खाणवाल्याचा वाजवी नफा वजा जाता जे उरते, ते सारेच मूळ धन आहे. न्यायालयाने दहा टक्क्यांचा किमान पाया घातला. शासनाने त्यालाच छप्पर मानले, तर विश्वस्तपण शब्दांपुरते उरेल. दुसरा दोष भाषेचा. निकालपत्रातील 'भावी पिढ्या' निनावी आहेत. कादंबरीत त्यांची नावे आहेत, केसर आणि नानू. म्हणून निकालपत्र वाचून पटते आणि 'अच्छेव' वाचून पोळते.

'खाणी हा गोव्याचा कणा' असे म्हणणाऱ्यांचे एक म्हणणे आम्ही सहज उडवून लावीत नाही. २०१२ साली खाणी थांबल्या आणि मार्च २०१८ मध्ये पुन्हा थांबल्या, तेव्हा कर्ज काढून ट्रक घेतलेल्या कुटुंबांचे अतोनात हाल झाले. पण या हालांची साक्ष नेमकी कोणाच्या बाजूने जाते? इतकी दशके डोंगर विकूनही, विक्री थांबताच त्या गावांपाशी बसून खाण्यास काही नव्हते. साठविलेल्या धनाचे व्याज असते, तर हे दिवस आले नसते.

२०२२ च्या अखेरीपासून पट्ट्यांचे लिलाव झाले. २०२४ साली उत्खनन पुन्हा सुरू झाले. घरे, देवळे आणि शेते खाणपट्ट्यातून वगळा, अशी मागणी मुळगावच्या ग्रामस्थांना करावी लागली. ज्या देवळाच्या भूमीखाली खनिज आहे, त्याच्या महाजनांस हा वाद परका नाही. त्यांनी 'अच्छेव' घरात वाचावी आणि निकालपत्र ग्रामसभेत न्यावे. तेथे दोन प्रश्न विचारावेत: या वर्षी डोंगराचा केवढा भाग गेला, आणि त्याच्या मोबदल्यातील किती रक्कम आपल्या नातवंडांच्या नावे जमा झाली? देवस्थानच्या वार्षिक सभेत आपण पैनपैचा जाब मागतो. डोंगराचा जाब मागण्यास त्याहून अधिक धैर्य लागत नाही.