नवापूरच्या कोंबड्या आणि आपली भीती

सुरत–भुसावळ लोहमार्गावरचे नवापूर स्थानक अर्धे महाराष्ट्रात आणि अर्धे गुजरातेत आहे. तिकीट खिडकी एका राज्यात, स्टेशनमास्तरांची खोली दुसऱ्या राज्यात. नंदुरबार जिल्ह्याबाहेरच्या मराठी माणसाला नवापूर ठाऊक असलेच, तर या गमतीपुरते. १८ फेब्रुवारी २००६ रोजी ते बदलले. नवापूरच्या कोंबड्यांमध्ये एच५एन१ हा विषाणू सापडल्याचे भोपाळच्या उच्च सुरक्षा पशुरोग प्रयोगशाळेतल्या तपासणीवरून त्या दिवशी जाहीर झाले. भारतातली ही पहिली नोंद. दुसऱ्या दिवसापासून तालुक्याचे हे गाव देशभरच्या वर्तमानपत्रांत पहिल्या पानावर होते.

त्या आठवड्यापासून मी कात्रणे ठेवू लागलो. मी पशुवैद्य नाही, पत्रकारही नाही. साथीच्या दिवसांत माणसे कोणते शब्द वापरतात, याचे कुतूहल मला फार पूर्वीपासून आहे, इतकेच. एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. त्या काळात महिनाभर मीही घरात चिकन आणले नाही आणि कोपऱ्यावरच्या चिकनवाल्याची नजर चुकवण्यासाठी मागच्या गल्लीने ये-जा केली. तेव्हा पुढे जी टीका येईल तिच्यात मी स्वतःही आहे.

या प्रकरणाबद्दल आपल्याकडे दोन ठरावीक मते ऐकू येतात. एक, माध्यमांनी भडकावले आणि अडाणी जनता घाबरली. दुसरे, धोका खराच होता, लोकांनाच त्याचे गांभीर्य नव्हते. कात्रणे पुन्हा पुन्हा चाळल्यावर मला ही दोन्ही मते अपुरी वाटू लागली. भीती कमी होती की जास्त, हा प्रश्नच गौण आहे. ती चुकीच्या पत्त्यावर गेली. ज्यांना तिची गरज नव्हती त्यांच्याकडे पोचली, आणि ज्यांनी थोडी बाळगायला हवी होती त्यांच्यापर्यंत पोचलीच नाही.

हे कसे झाले ते पाहण्यासाठी आधी मूळ माहिती काय होती ते पाहू. शास्त्रज्ञ दोन वेगवेगळ्या गोष्टी सांगत होते. पहिली अशी, की हा विषाणू पक्ष्यांचा आहे. आजारी किंवा मेलेल्या पक्ष्यांशी अगदी जवळून संबंध आला, तर क्वचित तो माणसाला होतो; पण झाला तर जिवावर बेततो. १९९७ साली हाँगकाँगमध्ये १८ जणांना लागण झाली आणि त्यांतले ६ दगावले. त्यानंतर तिथल्या सगळ्या कोंबड्या मारण्यात आल्या. दुसरी गोष्ट अशी, की हा विषाणू उद्या माणसाकडून माणसाकडे सहज जाऊ लागला, तर जगभर साथ पसरेल. पहिले विधान घडलेल्या घटनांचे, दुसरे ‘जर–तर’चे. बातम्यांमध्ये या दोहोंचे मिश्रण होऊन तिसरेच विधान तयार झाले, जे कोणाही शास्त्रज्ञाने केले नव्हते: ताटातली कोंबडी घातक आहे.

वास्तविक ७० अंश सेल्सिअसला हा विषाणू मरतो. आपल्या घरात रस्सा त्याच्या कितीतरी वर उकळतो आणि तोही पाऊण तास. धोका होता तो कच्च्या, आजारी, पिसे काढायच्या कोंबडीत. शिजलेल्या कोंबडीत नव्हता. ही माहिती वर्तमानपत्रांत येत नव्हती असे नाही. यायची, पण बातमीच्या शेवटच्या परिच्छेदात किंवा डॉक्टरांच्या चौकटीत.

मथळ्यात जागा मिळत होती ती निराळ्या शब्दांना. थैमान, विळखा, शिरकाव, सावट. मराठी पत्रकारितेने हे शब्द कॉलऱ्यापासून कर्जबाजारीपणापर्यंत सगळ्याला वापरून गुळगुळीत केले आहेत. त्यांतला ‘शिरकाव’ त्यातल्या त्यात प्रामाणिक म्हणायचा, कारण विषाणू खरोखरच शिरला होता. ‘सावट’ही चालेल, सावली पडली आहे, वस्तू अजून आलेली नाही, असे तो सांगतो. पण ‘थैमान’ कशाचे? २००६ मध्ये भारतात एकाही माणसाला या विषाणूची लागण झाल्याचे सिद्ध झाले नाही. मरत होत्या त्या कोंबड्या, आणि त्यांतल्या बहुसंख्य आपण मारत होतो. ‘जर–तर’चे वाक्य मथळ्यात मावत नाही, ही संपादकाची अडचण मला समजते. पण मग ‘शक्यता’ या शब्दाला तरी मथळ्यात आणावे. तो चार इंच खाली गेला, की वाचकाच्या मनातून नाहीसा होतो.

आकड्यांचेही तेच. २००५ च्या सप्टेंबरअखेरीस संयुक्त राष्ट्रांचे समन्वयक डेव्हिड नबारो यांनी सांगितले, की अशी साथ आल्यास ५० लाखांपासून १५ कोटींपर्यंत माणसे मरू शकतील. लगोलग जागतिक आरोग्य संघटनेने खुलासा केला, की तिचा स्वतःचा अंदाज २० लाख ते ७४ लाख असा आहे. या चार आकड्यांपैकी लोकांच्या लक्षात राहिला एकच: १५ कोटी. ज्या अंदाजात खालचे टोक वरच्या टोकाच्या तिसाव्या हिश्श्याइतके असते, त्याला अंदाज तरी कसे म्हणावे? ती आपल्या अज्ञानाची लांबी-रुंदी असते. नबारो यांना दोष द्यावासा मला वाटत नाही. सरकारांना जागे करणे हे त्यांचे कामच होते. मात्र सरकारला जागे करण्यासाठी काढलेला आकडा वाचकाला जसाच्या तसा दिला, तर त्या आकड्याचे त्याने करायचे काय? तो करून करून काय करणार, कोंबडी खाणे सोडणार.

आणि ते सोपे होते. मुंबई-पुण्याच्या मध्यमवर्गीय घरात चिकनऐवजी मासे आले, मटण आले, पनीर आले. रेल्वेने आणि विमान कंपन्यांनी जेवणातून कोंबडी काढली. यात कुणाला काहीच गमवावे लागले नाही. अशा सुरक्षित अंतरावरून बाळगलेल्या भीतीला मी ‘फुकटची भीती’ म्हणतो. आपण काहीतरी केले याचे समाधान ती देते आणि किंमत भलत्याच्या नावावर मांडते.

नवापुरात किंमत मोजली जात होती. तेव्हाच्या नियमाप्रमाणे लागणीच्या ठिकाणापासून तीन किलोमीटरच्या परिसरातले सगळे पक्षी मारायचे होते. त्यात मोठ्या पोल्ट्रींचे पक्षी होते, तसेच आदिवासींच्या अंगणातल्या देशी कोंबड्याही. पुढच्या महिन्यात जळगाव जिल्ह्यात विषाणू सापडला तो बव्हंशी अशा घरगुती कोंबड्यांतच. ज्यांच्या अंगणात आठ-दहा कोंबड्या असतात त्यांच्यासाठी त्या म्हणजे अडीनडीची पुंजी. पाहुणा आला, देवाचे काही निघाले, मुलाच्या वह्या आणायच्या झाल्या, की एक कोंबडी कमी होते. पथक येण्याआधी लोक कोंबड्या लपवतात, नातेवाइकांकडे पोचवतात, असे तेव्हाही वाचले आणि पुढे २००८ मध्ये पश्चिम बंगालमध्ये साथ आली तेव्हाही. शहरातल्या लेखांत याला अज्ञान म्हटलेले दिसते. मला त्यात हिशेब दिसतो. भरपाई कधी आणि किती हातात पडेल याचा भरवसा नसताना दुसरे कोणी काय केले असते?

मात्र इथे मला या माणसांची बाजू घेऊन थांबता येत नाही. धोका खरोखर होता तो त्यांनाच. मलूल झालेली कोंबडी मरण्याआधी कापून खाणे ही गरिबाच्या घरातली जुनी काटकसर आहे. पिसे उपटणारी बाई, आतडी काढणारा मुलगा, अंगणात कोंबड्यांशी खेळणारे पोर यांनाच जपायला हवे होते. आग्नेय आशियात दगावलेल्यांत अशीच माणसे आणि मुले होती. मेलेल्या पक्ष्याला हात लावू नका, लावलाच तर साबणाने हात धुवा, आजारी कोंबडी कापू नका, या तीन वाक्यांची गरज तिथे होती. दूरचित्रवाणीवर दिसत होते काय? पांढऱ्या पोशाखातली, तोंडाला पट्टी बांधलेली, चष्मे घातलेली पथके आणि त्यांच्या हातातल्या पिशव्या. मराठीत तेव्हा चोवीस तास बातम्यांची वाहिनी नव्हती. ही दृश्ये आपण मुख्यतः हिंदी वाहिन्यांवर पाहिली. परग्रहावरून उतरल्यासारख्या त्या माणसांकडून अंगणातल्या बाईने आपल्यासाठी काय शिकायचे?

नवापूरच्या पोल्ट्रीवाल्यांनी सुरुवातीला ही राणीखेत असावी असे मानले. व्यवसायातले काही जण निदान आल्यावरही तसेच म्हणत राहिले. राणीखेतीला आपल्याकडे मानमोडी म्हणतात. कोंबडीची मान वाकडी होते म्हणून. गंमत अशी, की माझी आजी १९१८ च्या इन्फ्लुएंझालाही मानमोडीच म्हणे. ती तेव्हा बारा-तेरा वर्षांची असेल. त्या साथीत हिंदुस्थानात सव्वा कोटीच्या आसपास माणसे मेली असे एक अनुमान आहे. काही अभ्यासक याहून बराच मोठा आकडा धरतात. कोंबडीच्या आणि माणसाच्या आजाराला एकच शब्द, हा केवळ योगायोग, त्यातून कसलेही शास्त्र निघत नाही. पण २००६ च्या हजारो मथळ्यांत हा घरचा शब्द मला एकदाही भेटला नाही. ‘बर्ड फ्लू’ हा परका, नवा, म्हणूनच अधिक भयंकर शब्द तसाच्या तसा आला. मानमोडी म्हटले असते तर खेड्यातल्या माणसाने विचारले असते, ‘म्हणजे नेहमीचीच ना?’ आणि त्यावर ‘नाही, ही वेगळी, हिच्यात माणसालाही जपावे लागते’ असे उत्तर देता आले असते. संवादाला निदान सुरुवात झाली असती.

संशयाला मात्र कारण होते, हेही नोंदवले पाहिजे. नवापूर ज्या लोहमार्गावर आहे त्याच्या टोकाला सुरत. १९९४ च्या सप्टेंबरात प्लेगच्या बातमीने तिथून लाखो माणसे पळाली होती. मृत्यू पन्नासच्या आसपास होते. बारा वर्षांत एवढी मोठी आठवण पुसली जात नाही. त्यातच नवापूरचा एक तरुण कुक्कुटपालक सुरतेच्या रुग्णालयात दगावला आणि तो बर्ड फ्लूचा पहिला बळी असावा अशी चर्चा सुरू झाली. तपासणीत विषाणू आढळला नाही. संशयाच्या बातमीने माझ्या फायलीतली अडीच पाने व्यापली आहेत, निर्वाळ्याचे कात्रण बोटभर आहे.

मग उलटी लाट आली. पोल्ट्री व्यवसायाने चिकन मेळावे भरवले, पुढाऱ्यांनी कॅमेऱ्यासमोर तंगड्या खाल्ल्या, फुकटच्या चिकनसाठी रांगा लागल्या. कालपर्यंत घाबरलेली गर्दी आज खाते कशी, याची तेव्हा बरीच चेष्टा झाली. मला ती रांग महत्त्वाची वाटते. चारचौघांत खाल्ले की भीती जाते, हे आपण पंगतीत शिकलेलो असतो. पण मेळाव्याने पटवले ते उदाहरणाने, माहितीने नव्हे. मंत्री खातात म्हणून खा. आधी रेल्वे वाढत नाही म्हणून खाऊ नका, नंतर मंत्री खातात म्हणून खा. दोन्ही वेळा वाचकाला कारण समजण्याइतका शहाणा कुणी मानलेच नाही.

या विषयावरची दोन इंग्रजी पुस्तके मी जुन्या बाजारातून मिळवून वाचली. माइक डेव्हिस यांचे ‘द मॉन्स्टर ॲट अवर डोअर’ हे २००५ चे, आणि मार्क सीगल या अमेरिकी डॉक्टरांनी भीतीच्या साथीवर लिहिलेले ‘फॉल्स अलार्म’, तेही त्याच वर्षीचे. सीगल वाचायला बरे वाटतात. भीती हाच मोठा संसर्ग, हे त्यांचे म्हणणे शहरी वाचकाला सुखावते. पण त्यांचा वाचक कोंबडी पाहतो ती दुकानातल्या थंड कपाटात, अंगणात नाही. डेव्हिस यांनी खुराड्यात दाटीवाटीने पक्षी वाढवणाऱ्या उद्योगाकडे आणि गरीब देशांना न मिळणाऱ्या औषधांकडे बोट दाखवले, ते मला जास्त मोलाचे वाटते. फक्त दारात राक्षस उभा करणारे त्यांचे शीर्षक आपल्या ‘थैमाना’च्याच जातीचे आहे.

पुढे साथ आली, पण सांगितलेल्या दिशेने नाही. २००९ ची एच१एन१ मेक्सिकोकडून आली आणि पुण्यात मास्कसाठी झुंबड उडाली. २०२० च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये कोंबडीतून करोना होतो, या मोबाइलवरच्या अफवेने पोल्ट्रीवाले पुन्हा झोपले. कित्येकांनी पिल्ले खड्ड्यात पुरली. या वेळी तर मथळाही लागला नाही. जानेवारी २०२१ मध्ये परभणीजवळच्या मुरुंब्यात बर्ड फ्लू सापडला आणि फेब्रुवारीत पुन्हा नवापुरात, बरोबर पंधरा वर्षांनी. पुन्हा लाखो कोंबड्या मारल्या गेल्या. बातमी आतल्या पानावर होती. त्याच वर्षी जुलैत दिल्लीत एका मुलाचा या विषाणूने मृत्यू झाला, भारतातला पहिलाच. तीही दोन दिवसांत विरली. २००३ पासून जगभरात नोंदलेल्या मानवी लागणी हजाराच्या आतच आहेत, पण त्यांतली निम्मी माणसे वाचलेली नाहीत. २०२४ मध्ये अमेरिकेत हा विषाणू दुभत्या गाईंमध्ये पसरला. म्हणजे शास्त्रज्ञांची काळजी वाढते आहे, आणि आपण २००६ मध्येच घाबरून मोकळे झालो आहोत.

माझ्या फायलीतले शेवटचे कात्रण जानेवारी २०२५ चे आहे. नागपूरच्या गोरेवाडा केंद्रातले तीन वाघ आणि एक बिबट्या बर्ड फ्लूने मेल्याची बातमी. त्याच महिन्यात उदगीरमध्ये मेलेल्या कावळ्यांतही तो सापडला. ते कात्रण कापले त्या रविवारी आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानात नेहमीइतकीच गर्दी होती. मीही रांगेत होतो. चिकनवाल्याने कोंबडी सोलून, तुकडे करून काळ्या पिशवीत दिली; पिशवी गळत होती. घरी येऊन ती ओट्यावर ठेवली आणि तसाच वर्तमानपत्र घेऊन बसलो. हात धुतले की नाही, आठवत नाही.