राक्षस मरतो तेव्हा : ‘गॉडझिला मायनस वन’च्या गौरवाविषयी

एखाद्या कलाकृतीचा सार्वत्रिक गौरव होऊ लागला, की तो नेमका कशाचा गौरव आहे हे तपासून पाहणे समीक्षेला भाग पडते. ताकाशी यामाझाकी यांच्या ‘गॉडझिला मायनस वन’ (२०२३) या जपानी चित्रपटाच्या वाट्याला आलेल्या स्तुतीत दोन भिन्न विधाने मिसळलेली आहेत. पहिले विधान कारागिरीविषयीचे आहे. सुमारे पस्तीस कलावंतांच्या छोट्या चमूने सहाशे दहा दृश्यचमत्कार घडवले, स्वतः दिग्दर्शकाने त्या कामाचे नेतृत्व केले आणि २०२४ मध्ये त्यासाठी ऑस्कर मिळवले. याविषयी वाद घालण्याचे कारण नाही. दुसरे विधान आशयाविषयीचे आहे : इशिरो होंडा यांच्या १९५४ मधील ‘गोजिरा’ने राक्षसाला जे गांभीर्य दिले होते, ते या चित्रपटाने त्याला परत मिळवून दिले, असे म्हटले जाते. हे दुसरे विधान मात्र तपासून घेण्याजोगे आहे.

‘गोजिरा’चे गांभीर्य कशातून सिद्ध होते? १ मार्च १९५४ रोजी बिकिनी बेटावर अमेरिकेने हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली. तिच्या राखेखाली एक जपानी मासेमारी नौका सापडली आणि तिच्यावरील एक खलाशी त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मरण पावला. ३ नोव्हेंबरला ‘गोजिरा’ प्रदर्शित झाला, आणि त्याचा प्रारंभच एका बोटीच्या विनाशाने होतो. हा राक्षस केवळ संहारक नाही. बॉम्बने त्यालाही त्याच्या अधिवासातून उठवले आहे, म्हणजे तो स्वतःही बळीच आहे. त्याला मारण्यासाठी शास्त्रज्ञ सेरिझावा यांना आपले भयंकर अस्त्र वापरावे लागते. ते अस्त्र पुन्हा कुणाच्या हाती पडू नये म्हणून ते आपली टिपणे जाळतात आणि गोजिराबरोबर समुद्राच्या तळाशी राहून मृत्यू पत्करतात. वृद्ध पुराजीवशास्त्रज्ञ यामाने यांना विजयाचा आनंद होत नाही. चाचण्या चालू राहिल्या तर असाच दुसरा प्राणी प्रकट होईल, एवढेच ते म्हणतात.

आपल्या रसविचाराच्या परिभाषेत सांगायचे, तर येथे भयाचा जो आलंबनविभाव तोच अखेरीस शोकाचाही आलंबनविभाव होतो. भयानकाची परिणती करुणात होते, आणि ‘गोजिरा’चे मोठेपण या परिणतीत आहे.

यामाझाकी यांच्या चित्रपटात राक्षस आणि माणूस यांचे नाते वेगळ्या रीतीने मांडलेले आहे. नायक कोइची शिकिशिमा हा आत्मघातकी हल्ल्यासाठी निवडलेला वैमानिक. १९४५ मध्ये विमानात बिघाड झाल्याचे खोटे कारण सांगून तो ओडो बेटावर उतरतो. त्या रात्री राक्षस चालून येतो, तेव्हा त्याच्याच्याने बंदूक चालवत नाही आणि तळावरचे तंत्रज्ञ मारले जातात. पुढे भस्मसात टोकियोत नोरिको आणि अनाथ आकिको यांच्यासह त्याचा जो संसार उभा राहतो, त्याला ‘मी जिवंत का राहिलो’ हा प्रश्न सतत कुरतडत असतो. हे चित्रण प्रामाणिक आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे मरणाला गौरव मानणाऱ्या सैनिकी नीतीला हा चित्रपट स्पष्ट नकार देतो. या देशाने माणसाचा जीव फार स्वस्त मानला, विमानांना सुटकेची आसनेसुद्धा दिली नाहीत, असे नोदा हा शास्त्रज्ञ माजी नौसैनिकांना सांगतो आणि कुणीही मरायचे नाही अशी योजना आखतो. ‘द इटर्नल झीरो’ (२०१३) या यामाझाकी यांच्याच चित्रपटावर आत्मघातकी वैमानिकांच्या उदात्तीकरणाचा आरोप झाला होता. हे ध्यानात घेतले, तर या नकाराचे मोल अधिकच जाणवते.

अडचण यानंतरची आहे. शिकिशिमाचा अपराधभाव ज्यांच्याविषयी आहे ते सगळे त्याचे स्वकीय आहेत. नोदाच्या भाषणात युद्धाचा हिशेब मांडला जातो, पण त्यात राज्यसंस्थेने आपल्या प्रजेचे केलेले देणे तेवढे येते. चीन, कोरिया, आग्नेय आशिया यांचे देणे त्या वहीत नाही. ‘शिकिशिमा’ हे जपानचे जुने काव्यमय नाव आहे, आणि १९४४ मधील पहिल्या आत्मघातकी पथकांपैकी एकाचेही तेच नाव होते. असे नाव धारण करणारा नायक जेव्हा सुटकेच्या आसनामुळे जिवंत परततो आणि मनाने मोकळा होतो, तेव्हा ती मुक्ती एका व्यक्तीपुरती राहत नाही. देशच ऋणमुक्त झाल्याचा प्रत्यय येतो.

येथे एक आक्षेप संभवतो. जपानच्या आक्रमणाविषयी ‘गोजिरा’ही मौनच पाळतो, मग एकाला माफी आणि दुसऱ्याला दोष का? आक्षेप रास्त आहे. होंडा स्वतः चीनमधील आघाडीवर सैनिक होते, तरी तो अनुभव पडद्यावर आलेला नाही. परंतु दोन्ही मौनांचे कार्य भिन्न आहे. ‘गोजिरा’ कुणालाच निर्दोष ठरवत नाही. त्यात अस्त्र वापरणारा हातही कलंकित ठरतो आणि शोक मागे उरतो. ‘मायनस वन’ हिशेब मांडतो आणि तो पुरा झाल्याचे समाधान देतो. अपुरा हिशेब पुरा म्हणून मांडणे हे मौनापेक्षा अधिक आक्षेपार्ह आहे.

राक्षसावर याचा परिणाम होणे अपरिहार्यच होते. १९४६ च्या बिकिनी चाचणीचा उल्लेख येथे आहे. गिन्झामधील संहारानंतर काळा पाऊसही पडतो. तरीही हा गॉडझिला बळी वाटत नाही. तो नायकाच्या मनातील गाठीचे बाह्य रूप आहे, आणि गाठ सुटली की त्याचे काम संपते. तो कोसळताना माजी नौसैनिक त्याला सलाम करतात. हा शत्रूला दिलेला सैनिकी मान आहे, शोक नव्हे. भयानकाची परिणती येथे वीरात झालेली आहे.

शेवटी मात्र दोन सूचक दृश्ये येतात : नोरिकोच्या मानेवरचा काळा डाग आणि समुद्राच्या तळाशी पुन्हा वाढू लागलेले मांस. काही मिटलेले नाही, हे चित्रपटाला ठाऊक आहे असे त्यांवरून म्हणता येईल. पण ती येतात प्रेक्षकाचे डोळे आनंदाश्रूंनी भरल्यानंतर, एखाद्या परिशिष्टासारखी. गाभ्यातील भावानुभव बदलण्याचे सामर्थ्य त्यांच्यात उरलेले नसते.

तेव्हा जगण्याचा पुरस्कार करणारा, कुशलतेने रचलेला चित्रपट म्हणून ‘मायनस वन’चा गौरव उचित आहे. ‘गोजिरा’चा वारस म्हणून होणारा गौरव मात्र स्वीकारता येत नाही. राक्षसपटाने कुणाला घाबरवले यापेक्षा राक्षस मेल्यावर आपल्या मनात काय शिल्लक राहिले, यावर त्याचे मूल्य ठरते. होंडा यांनी प्रेक्षकाच्या मनात एक न फिटणारे ऋण शिल्लक ठेवले होते. यामाझाकी ते फिटल्याची पावती त्याच्या हाती देतात.