जातीची व्याख्या आणि चाळकेवाडीचा सरडा

क्रांती चौकात चहा घेताना एका शिक्षकमित्राने आम्हाला त्याच्या वर्गातील मुलीची उत्तरपत्रिका दाखवली. ‘जाती म्हणजे काय?’ या प्रश्नाला तिने पाठ्यपुस्तकी उत्तर लिहिले होते: ज्या जीवांच्या संकरातून प्रजननक्षम संतती होते ते एका जातीचे. खाली पुस्ती होती, ‘मग जिवाणूंच्या जाती कशा ठरवायच्या?’ तपासणाऱ्याने पुस्तीवर काट मारली होती. आमच्या मते गुण तिलाच द्यायला हवे होते.

ही व्याख्या प्रामुख्याने अर्न्स्ट मायर यांच्या १९४२ सालच्या ‘सिस्टिमॅटिक्स अँड द ओरिजिन ऑफ स्पीशीज’ या ग्रंथामुळे रूढ झाली. मायर यांचा अभ्यास न्यू गिनी व सॉलोमन बेटांवरील पक्ष्यांचा. एकमेकांपासून अलग पडलेले समूह हळूहळू वेगळे होत जातात, हे त्यांनी ज्या तपशिलाने दाखवले आहे, ते आजही वाचावे असे आहे. डार्विनच्या १८५९ च्या ग्रंथाच्या नावातच जातींचा उगम आहे, पण जाती ही सोयीसाठी दिलेली संज्ञा, असे तो मानी. मायर यांनी तिला निसर्गात जागा दिली. पाठ्यपुस्तकात येताना नेमका हा ‘निसर्ग’च गळाला! पिंजऱ्यात वाघ-सिंहांचा संकर होतो आणि त्यातील माद्या कधी प्रजननक्षमही असतात. छापील उत्तर काटेकोर लावले तर वाघ आणि सिंह एकाच जातीचे ठरतील. हा दोष संक्षेप करणाऱ्यांचा.

मायर यांचा स्वतःचा दोष ‘संभाव्य’ या शब्दात आहे. प्रत्यक्ष किंवा संभाव्य संकर करणारे समूह, असे ते म्हणतात. दूर राहणारे दोन समूह कधी भेटतच नसतील, तर संभाव्यता पाहायची कोणी? आपल्याकडचे पंखागळ्याचे सरडे घ्या. क्युव्हिएने १८२९ मध्ये वर्णिलेल्या ‘सिटाना पाँटिसेरियाना’ या एकाच नावाखाली ते वर्षानुवर्षे मोडत. २०१६ मध्ये व्ही. दीपक, वरद गिरी, प्रवीण कारंथ आदींनी देहरचना आणि डीएनए तपासून गळ्याला निळा-काळा-नारिंगी पंखा असलेल्या सरड्यांची ‘सारडा’ ही वेगळी प्रजाती केली. नाव आपल्या ‘सरडा’ शब्दावरूनच. तीत सातारच्या चाळकेवाडी पठारावरील ‘सारडा सुपर्बा’ आणि ‘सारडा डार्विनी’ या दोन नव्या जाती आल्या; तिसरी, जेर्डनने १८७० मध्ये वर्णिलेली ‘डेक्कनेन्सिस’. (वर्तमानपत्रे प्रत्येक नव्या जातीला ‘प्रजाती’ म्हणतात, या वेळी तो शब्द चुकून बरोबर ठरला असता.) संकराचे प्रयोग कोणी केले नाहीत, करायचे म्हटले तरी पिंजऱ्यातलाच संकर दिसणार.

जिवाणू तर नुसते दुभंगतात. लोणारच्या पाण्यातील जिवाणूंना मायर यांची व्याख्या लागूच होत नाही. तिथे आज संपूर्ण जनुकसंचांची तुलना करतात आणि साधारण ९५ टक्के जुळणी असली तर जाती एक धरतात. हा उंबरठाही सोयीचाच, म्हणजे डार्विनच्या जवळ जाणारा. मित्राला आम्ही तो आकडा बिलाच्या पाठीवर लिहून दिला आहे. त्या मुलीच्या वर्गावर सोमवारी त्याचा तास आहे.